लक्ष्मीबाईंचं नाव

गायकवाड कम्प्युटरच्या स्क्रीनला स्टीलची पट्टी लावायचे. शाळेच्या कंपासपेटीत असते तसली. नव्याने आलेल्यांना वाटायचं, माणूस सटकलाय. मला तर खात्रीच होती. तळेगावच्या ऑफिसात माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे दिवसभर ती पट्टी आणि "छे, परत सरकलं!" हे मलाच सोसावं लागे.

प्रकार असा. कम्प्युटरवर एक काळी खिडकी असते, टर्मिनल म्हणतात तिला. माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. आमचं सगळं काम तिच्यातच. ती बनवणाऱ्यांनी धरून चाललेलं की एक अक्षर म्हणजे एक चौकोन. इंग्रजी त्यात ऐसपैस बसतं. आपलं जोडाक्षर आलं की अक्षरं फुटतात, एकमेकांवर चढतात. गायकवाड तपासायला आईचं नाव टाइप करायचे, लक्ष्मीबाई. त्याच्या पार चिंध्या व्हायच्या. किती सरकलं ते पट्टीने बघत आणि पुन्हा दुरुस्तीला बसत.

हे पगाराचं काम नव्हे, बरं का. ती खिडकी जगभरचे लोक मिळून हौसेने बनवतात. त्यांना गायकवाड वर्षानुवर्षं दुरुस्ती पाठवत राहिले. उत्तरं अशी की डोकं फिरावं. "टर्मिनलमध्ये तुमची लिपी वापरतं कोण?" मी म्हणायचे, "सोडा हो गायकवाड, इंग्रजीत लिहा आणि मोकळे व्हा." ते पट्टी पुसत म्हणत, "चालत नाही म्हणून कुणी वापरत नाही. कुणी वापरत नाही म्हणून हे चालू देत नाहीत. बोला आता!"

शेवटी एकदाची त्या लोकांनी दुरुस्ती घेतली. मी लोणावळ्याहून चिक्की नेली, तर गायकवाडांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. दुरुस्ती घेतली होती, पण बंद ठेवून. ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. गायकवाड म्हणाले, "आमच्या आजोबांना चहा मिळायचा. कप वेगळा, बाहेर वळचणीला खोचलेला. आपला आपण काढून घ्यायचा. चहाला नाही कुणीच म्हणत नव्हतं." मला तोंड वर करवेना.

मग नवी मागणी, सगळ्यांसाठी चालूच ठेवा. तिकडून उत्तर आलं, बघू. त्या 'बघू'ची वाट बघतच गायकवाड गेले. सकाळी छातीत कळ आली आणि संपलं. अजूनही आठवलं की माझं रक्त उसळतं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला मी त्यांच्या घरी टाकवे बुद्रुकला गेले. लक्ष्मीबाईंनी मला जवळ बसवून घेतलं.

"पोरी, माजं नाव नीट लागलं का गं त्यात? लय झटत व्हता त्यापायी."

"लागलं, मावशी. फक्त एक बटण दाबावं लागतं."

"आन् ते कुनी दाबायचं?"



दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघते तर गायकवाडांची मागणी निकालात काढलेली. कारण काय, तर पाठवणाऱ्याकडून प्रतिसाद नाही. अरे, माणूस गेला! प्रतिसाद कुठून देणार? मी ती मागणी पुन्हा उघडली. पहिल्या ओळीत फक्त लक्ष्मीबाई असं लिहिलं. बटण बंदच, म्हणून त्या लोकांच्या काळ्या खिडकीत ते फुटकंच दिसणार. दिसू दे.