चुंबळ वणीला जाऊन आली

माझी निम्मी पीएचडी एसटीत झाली असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. पण ते खरंच आहे. माझी खोली यवतमाळला. मार्गदर्शक मॅडम अमरावतीला. आणि ज्या बायकांच्या भरतकामावर मी लिहिते आहे त्यांचा तांडा पांढरकवड्याच्या पुढं, केळापूरच्या अंगाला. घर कोल्हापूरकडं, ते तर या चकरांत मी धरतच नाही.

आठवड्यातून एकदा तरी एकीकडं नाहीतर दुसरीकडं जाणं असतंच. अमरावतीच्या रस्त्यावर नेरला गाडी दहा मिनिटं थांबते. कंडक्टर 'दहा मिनिटं' म्हणतो, आणि मी चार मिनिटांत चहा पिऊन जागेवर येऊन बसते, कारण गाडी मला सोडून जाईल ही भीती. पांढरकवड्याच्या गाडीत खिडकीची काच एकतर उघडत नाही, नाहीतर लागत नाही. गाडीत लिहिलेलं टिपण दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येत नाही. स्टँडवरच्या बाथरूमची खात्री नसते म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यायचं, आणि दुपारी डोकं दुखायला लागलं की स्वतःवरच चिडायचं.

मी मुळातच भित्री. पिशवी पायाशी ठेवली तर दर थांब्याला पायानं चाचपते. ओळखपत्र काढून बघते. त्यावर माझा फोटो आहे आणि खाली 'संशोधक विद्यार्थी' असं छापलंय. चौतीस वर्षांच्या बाईला ते वाचून अजून वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, बाई, हे तुमचं नव्हे, द्या इकडं.

कारण माझी शाळा नववीतच सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि घरात मी थोरली. पुढं दहा वर्षं एका शिलाईच्या दुकानात ब्लाऊजना हुक लावले, काठ दुमडले, मग मशीनवर बसले. चोविसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. बारावी, बीए, एमए सगळं असंच बाहेरून, दुकान सांभाळत. पीएचडीला आमच्याकडं कुणी मार्गदर्शक मिळेना. अमरावतीच्या मॅडमकडं एक जागा रिकामी होती. मी फोनवर सगळं सांगून टाकलं, नववी, दुकान, वय. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "टाके ओळखता येतात ना? मग या." त्या एका 'या'वर मी राज्याच्या या टोकाला आले.

प्रवासानं मला त्रास दिला तसं पुष्कळ दिलंही. शेजारी बसलेली बाई दोन मिनिटांत विचारते, "कुठच्या व्हय तुमी?" मी बोलले की माझ्या 'लई'ला आणि 'न्हाई'ला सगळी सीट हसते. पण हसता हसता ओच्यातल्या शेंगा माझ्या हातावर ठेवते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका गाठोडी घेऊन चढतात, गाठोड्यावर मला बसवतात आणि म्हणतात, बसा, गादी आहे. 'का'ला 'काहून' म्हणायला मी गाडीतच शिकले. परवा फोनवर आईला 'मले' म्हणाले तर ती म्हणाली, "अगं, माझी पोरगी कुठं हाय? तिला दे जरा फोन."

आणि जागा धरणं. ते आमच्याकडंही आहे आणि इथंही. गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. शहाणा माणूस दाराकडं जात नाही, खिडकीपाशी जातो, आतल्या सीटवर रुमाल टाकतो आणि मग निवांत रांगेत घुसतो. त्या रुमालावर कुणी बसत नाही. बसलाच तर भांडण होतं आणि सगळी गाडी रुमालाच्या बाजूनं असते. मी शाळा सोडली तेव्हा बाकावरच्या माझ्या मैत्रिणीनं असंच केलं होतं. माझ्या जागेवर ती स्वतःचं दप्तर ठेवायची, येईल म्हणायची. दिवाळीपर्यंत ठेवलं. हे तिनंच मला तिच्या मुलीच्या बारशात सांगितलं, आम्ही दोघी तिशीला आल्यावर. मी हसून विषय बदलला होता.

तांड्यावरच्या म्हातारीला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही याडीच म्हणते. पहिले सहा महिने ती माझ्याशी फारसं बोलली नाही. फोटो काढणारे लोक तिच्याकडं आधीही येऊन गेलेले. सून कपडे आणून दाखवायची, मी लिहून घ्यायचे, याडी खाटेवर बसून दुसरीकडं बघायची. एकदा सुनेनं एक जुना भरतकामाचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मी सवयीनं तो उलटा केला. शिलाईवाल्या बाईची ती खोडच असते. कामाची पुढची बाजू कुणालाही करता येते. गाठी कुठं मारल्या, दोरा कुठून कुठं ओढला, हात सरळ होता की घाईचा, ते मागं कळतं. याडी खाटेवरून उठली. सुनेला म्हणाली, हिनं उलटं केलं. मग माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि त्या दिवसापासून मला शिकवायला लागली.

तिच्याकडं तिच्या आईची चुंबळ आहे. डोक्यावर घागर ठेवायला असते तीच, पण ही दोऱ्यानं गच्च विणलेली, भोवती कवड्या आणि मागं पाठीवर रुळणारा भरतकामाचा पट्टा. लाल कापडावर पांढरा दोरा, इतके बारीक टाके की मी भिंग लावून मोजले. मॅडमना ती बघायची होती. फोटोत मागची बाजू कळत नाही, आणि विभागात माझ्या कामाचा आढावा होता. मागायला मला धीर होईना. सुनेनंच विषय काढला. याडीनं उठून चुंबळ काढली. मग ती लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली आणि एकच सांगितलं, नातीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, तिला द्यायची आहे, त्याआधी आण.

मी पांढरकवड्याला स्टँडवर आले तेव्हा अकरा वाजले होते. यवतमाळची पाटी लावलेली गाडी उभी होती आणि दाराशी माणसांचा गठ्ठा. मी खिडकीकडं वळले आणि रुमाल शोधला. रुमाल नव्हता, आठवड्यापूर्वी नेरला चहाच्या टपरीवर राहिलेला. गाडी भरत होती. मी पिशवी उचलली आणि तिसऱ्या खिडकीतून सीटवर ठेवली. दर थांब्याला पिशवी चाचपणारी मी. हे मला आजही समजत नाही. हातानं सवयीनं केलं, एवढंच.

मी दाराशी पोचते तोवर भोंग्यावर पुकारलं, ही गाडी वणीला जाईल, यवतमाळची मागं लागते आहे. सगळा गठ्ठा उलटा फिरला. मीही फिरले. माणसं पळाली म्हणून मी पळाले, ढकलत ढकलत मागच्या गाडीत चढले आणि तिसऱ्या खिडकीपाशी जाऊन माझी पिशवी शोधायला लागले. तिथं एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना उठा म्हणाले. ते म्हणाले, "कायले?" आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. खाली उतरून धावले तर वणीची गाडी फाटकातून बाहेर पडलेली.

कंट्रोलरच्या खिडकीशी मी काय बोलले मला आठवत नाही. वयस्क गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, पिशवीत काय होतं, पैसे, सोनं, मोबाईल? मी म्हणाले, चुंबळ. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हसतील. त्यांनी फोन उचलला. कंडक्टरचा लागेना. मग मारेगावला केला, मग वणीला. सांगताना मात्र प्रत्येकाला 'मॅडमचं जरुरी सामान' म्हणाले, चुंबळ म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "गाडी तीन-साडेतीनले वापस येते. बसा तिथं. पानी प्या आधी."

मी बाकावर बसले. थोड्या वेळानं सुनेचा फोन आला, गाडी मिळाली काय ताई म्हणून. मी म्हणाले, हो, मिळाली. मागून याडीचा आवाज आला, चुंबळ नीट ठेवली काय ते विचार. मी म्हणाले, हो, नीट आहे. फोन ठेवला आणि फाटकाकडं बघत बसले.

त्या तीन-चार तासांत मी एक वाईट विचार केला. तो लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. मला त्या चुंबळीचा प्रत्येक टाका पाठ होता. मोजलेला होता, वहीत काढलेला होता, आणि वही माझ्या खोलीवर होती. तसंच कापड, तसा दोरा, कवड्या मिळवता येतात. महिना हातात होता. माझा हात चांगला आहे. चहाच्या पाण्यात बुडवून जुना रंगही आणता आला असता. नातीला काय कळणार? मनात मी पट्टा अर्धा भरूनही टाकला. मग याडी डोळ्यांपुढं आली. ती हातात घेईल आणि उलटी करेल. मागं तिच्या आईच्या गाठींऐवजी माझ्या गाठी दिसतील. ती पुन्हा खाटेवर जाऊन दुसरीकडं बघत बसेल.

तेव्हा मला रडू आलं. शेजारच्या बाईनं कारण विचारलं नाही. पाण्याची बाटली मात्र पुढं केली.

साडेतीनला गाडी आली. आधी मी खिडक्या बघितल्या, मग दार. कंडक्टर बाई होती, माझ्याच वयाची, आणि तिच्या एका खांद्याला तिकिटाची बॅग, दुसऱ्या खांद्याला माझी पिशवी. कंट्रोलरनं माझ्याकडं बोट केलं. ती सरळ येऊन म्हणाली, "ताई, तुमची व्हय काय? मारेगावपर्यंत वाट पाह्यली म्या तुमची."

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. करंजीला गाडी भरली. लोक उभे होते, बायका लेकरं घेऊन उभ्या. तिसऱ्या खिडकीच्या सीटवर पिशवी. जो येई तो विचारी, कोणाची, आणि शेजारची आजी म्हणे, कोणीतरी धरली आहे, येऊन राह्यली असन. कुणाला वाटलं ती बाई मागं उभी आहे, कुणाला वाटलं पुढं. मारेगावच्या स्टँडवर तिला निरोप मिळाला तेव्हा कुठं उलगडा झाला. तिचा फोन बंद पडलेला, म्हणून उलट कळवता आलं नाही.

"तरी नाही बसलं कोणी," ती म्हणाली. "धरलेली जागा व्हती नं. तुमी नोयत्या तं काय झालं."

मी पिशवी घेतली. वणीकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालतात, त्याची काळी भुकटी पिशवीवर बसली होती. आतलं गाठोडं तसंच, गाठसुद्धा याडीच्याच हातची. मला तिचे आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, तुम्ही जेवलात का? ती हसली आणि म्हणाली, डबा वणीलेच खाल्ला, तुमीच जेवा आता.

यवतमाळची गाडी समोर लागलेली होती. जागाही होती. मी त्या गाडीत बसले नाही. तांड्याकडं जाणारी काळीपिवळी पकडली.

याडी अंगणात गहू निवडत होती. मला परत आलेली बघून सून उठली, पण याडी सुपातच बघत राहिली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पिशवी कशी टाकली, पळाले कशी, फोनवर खोटं कसं बोलले. दुसरी करायचा विचार केला होता तेही सांगितलं. गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं ते सोडलं, चुंबळ हातात घेतली आणि उलटी केली. अंगठा फिरवत सगळा पट्टा बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग तिनं विचारलं, "हे वणीले गेलती?"

"हो."

"सीटवर बसून?"

"हो, याडी. खिडकीजवळ."

तिनं सुनेकडं बघितलं. "पाह्य वं. मी वणीले गेली तं जातानी उभी, येतानी उभी. अन् हे माय खिडकीपाशी बसून आली."

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. याडीनं चुंबळीवरची भुकटी फुंकली, पदरानं कवड्या पुसल्या, पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि गाठ मारली. मी म्हणाले, नको, राहू दे इथंच, मी मॅडमना सांगेन. तिनं ऐकलं नाही. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि माझी बोटं त्यावर दाबून धरली.

"दाखव जा तुह्या मॅडमले," ती म्हणाली. "पन आता सीटवर नको ठेवू. मांडीवर घे."

सकाळी पहिल्या गाडीनं निघाले. दाराशी झुंबड होती. मी खिडकीकडं गेले नाही. यवतमाळपर्यंत उभी होते, गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून. अर्ध्या वाटेत एका आजीनं सरकून जागा करत विचारलं, "लेकरू हाये काय वं त्यात?"