डोकी सांभाळणारे साडू

दुसऱ्यांच्या डोक्याची आमच्या साडूंइतकी काळजी वाहिलेला माणूस मराठवाड्यात झाला नाही, आणि त्यापायी इतक्यांची डोकी तापवलेलाही कुणी झाला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, वाळूजच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. माणूस भेटला की जग त्याचा चेहरा बघतं, हे टाळूपासून सुरुवात करत. माझ्याच लग्नात मुंडावळ्या बाजूला सारून त्यांनी खिशातल्या टेपने माझ्या डोक्याचा घेर घेतला आणि "पाव्हणं, तुम्हाला लई मोठं माप लागंल," असं भटजींच्या देखत जाहीर केलं. सासरेबुवांनी ते जावयाचं कौतुक समजून मान डोलावली.

त्यांचं म्हणणं असं, की कवटीचं एवढं काही नाही. खरा घात होतो तो आतल्या मेंदूला बसणाऱ्या हिसक्याने. हे पटवायला त्यांना विरजलेलं दही लागे. कुणाकडेही गेले की थेट स्वयंपाकघरात शिरायचं, दह्याचा डबा उचलायचा, त्याला एक गरकन झटका द्यायचा आणि मोडलेलं दही घरभर दाखवत फिरायचं. "डब्याला पोचा तरी आला का? नाय ना? आता आत बघा काय झालंय ते!" ते येणार असं कळलं की आमची नातेवाईक मंडळी दही शेजाऱ्यांकडे ठेवायला देत. माझ्या बायकोने तर त्यांच्यासाठी एक वाटी वेगळीच विरजायला घेतली होती. ती मोडली की ते खूश, बाकीचं दही सुखरूप.

यावर उपायही त्यांनीच काढला. हेल्मेटच्या आत एक सुटं अस्तर बसवायचं आणि दोहोंच्या मध्ये काहीतरी गुळगुळीत घालायचं, म्हणजे तिरपा फटका बसला की वरचं कवच जरासं सरकतं आणि हिसका तिथंच जिरतो. गुळगुळीत म्हणून त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म जमवल्या. नातलगांपैकी कुणाचं हाड मोडलं, तर विचारपूस करून झाल्यावर हे हळूच फिल्म मागून घेत. तीन वर्षं खपून त्यांनी क्रेनखाली काम करणाऱ्या दहा लोडरांसाठी दहा हेल्मेटं तयार केली. त्या क्रेनखाली एकाचंही डोकं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्याकडे मागितलं होतं.

कारखान्याने या शोधाचा यथोचित गौरव केला, म्हणजे दहाच्या दहा हेल्मेटं काचेच्या कपाटात ठेवून साहेबलोकांसाठी राखली. या साहेबांच्या डोक्यावर पंख्याखेरीज काहीही लोंबत नव्हतं. "लोडर लोक इतकी चांगली वस्तू खराब करतील," असं मोठे साहेब म्हणाले. साडूंनी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे कपाटाची किल्ली मिळाली. हेल्मेटं हातात पडल्यावर लोडर इतके हरखले, की खंडेनवमीला त्यांनी ती पाने-हातोड्यांच्या शेजारी मांडली, हळदकुंकू लावून हार घातले आणि नारळ फोडला. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या आत उचलायचं नाही, हा तिथला रिवाज. क्रेनलाही हार घातला होता, पण दुपारी तातडीचा ट्रक आला आणि साहेबांच्या हुकमाने क्रेन चालू झाली. रिवाज उरला तो फक्त हेल्मेटांना.

साडू धावत पोचले तेव्हा गंगापूरकडचा एक लोडर बोडक्या डोक्याने साखळी अडकवत होता. घरची मेंढरं भावावर सोपवून नोकरीला आलेला साधा माणूस.

"हेल्मेट कुठंय रे?"

"पूजेत हाय, साहेब. आज कसं उचलू? पाप लागंल."

"आणि डोक्याला लागंल त्याचं काय?"

"व्हय, पण देवाचं हाय ना ते."

वाद घालायला वेळ नव्हता. साडूंच्या स्वतःच्या डोक्यावर पहिला नमुना कायम असायचा. तो त्यांनी काढून त्याच्या डोक्यावर चढवला. "घे. हे पूजेत नव्हतं." आणि तेवढ्यात क्रेनचा लोखंडी आकडा निसटला. लोडरच्या हेल्मेटला तिरपा घासून तो तसाच पुढे झुलला आणि शेजारी उभ्या असलेल्या साडूंना लागला. लोडर कपडे झटकत उठला. साडूही थोड्या वेळाने उठले. रक्ताचा थेंब नव्हता. चौकशी समितीने ठपका ठेवला तो असा, की सुरक्षा अधिकाऱ्याने हेल्मेट घातलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून साडूंना माणसं ओळखू येत नाहीत. मला ते अदबीने "आपण कोण?" म्हणून विचारतात. दर दसऱ्याला तो लोडर आपट्याची पानं घेऊन येतो, त्यांच्या पायाशी बसतो आणि त्यांनी विचारलं की पहिल्यापासून सगळी हकिगत सांगतो. साडू लहान मुलासारखे ऐकत राहतात. आकड्यापाशी आलं की त्यांचा चेहरा कावराबावरा होतो. मला तेव्हा तिथं बसवत नाही, पण मी बसतो.

"मग त्या लोडरला लागलं का हो?"

"नाय, साहेब. काय बी नाय लागलं त्याला."

"लई बरं झालं," साडू म्हणतात आणि आपट्याचं पान जपून खिशात ठेवतात.