छप्पर दिसतंय का?

माझी ताई मालवाहू विमान चालवते. विमान म्हणजे केवढं? आम्ही दोघं आणि सहाशे किलो सामान, संपलं. पोती काट्यावर चढवण्याआधी ती मला चढवते आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचते. माझी पन्नाशी उलटली तरी यातून सुटका नाही.

हवामानाचा अहवाल ती वाचते, पण भरवसा ठेवते डोंगरापलीकडच्या गावातल्या शिंपीदादांवर. उड्डाणाआधी फोन करून एकच प्रश्न, "खिंडीखालच्या शाळेचं छप्पर दिसतंय का?" दुकानाच्या खिडकीतून छप्पर दिसलं की खिंड मोकळी. बारा वर्षांत त्यांचा शब्द कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी दादा म्हणाले, "दिसतंय की, लख्ख. या तुम्ही."

खिंडीच्या तोंडाशी पोचलो तर समोर नुसतं पांढरं. विमान असे धक्के खायला लागलं की पोत्यांबरोबर मीही उडत होतो. ताईने खिसा चाचपला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, त्यांचा चष्मा फुटलाय. नवा माझ्याच खिशात आहे, आणि मी त्यांनाच विचारत बसले."

माझी पाचावर धारण बसली. ताईने विमान वळवलं, खिंडीचा नाद सोडला आणि खालचं पाणी नजरेआड होऊ न देता नदीवरून लांबच्या वाटेने गाव गाठलं.

दादा धावपट्टीवर वाट बघत होते. ताईने चष्मा दिला. तो चढवून त्यांनी शाळेच्या दिशेने पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दिसत नाहीये. सकाळी दिसल्यासारखं वाटलं. नाही म्हटलं असतं तर चष्मा आला नसता, पोरांचे गणवेश अर्धवट पडलेत. चुकलं माझं, ताई. आता तुम्ही कशाला विचाराल मला?"

मला वाटलं, आता यांची बिनपाण्याने होणार. ताई म्हणाली, "चहा टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या उड्डाणाआधी, ती त्यांच्याच दुकानात, खिडकीला पाठ करून बसली. "छप्पर दिसतंय का?"

"नाही."

दुपारीही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दादांकडे जेवून जेवून माझं वजन मात्र वाढत होतं.

चौथ्या दिवशी दादांनी चष्मा दोनदा पुसला, बराच वेळ पाहिलं. "दिसतंय."

ताई मागे वळूनही न बघता उठली. "चल रे, काट्यावर उभा राहा."