भिंगावरची वाफ

चहाच्या वाफेने आज चष्मा धुरकटला आणि अलास्काच्या किनाऱ्यावरची एक मूर्ख बाई आठवली. म्हणजे तरुणपणची मीच. वसंतातले अकरा दिवस अस्वलिणीच्या फोटोसाठी वाळूत कुडकुडत बसले. बाराव्या दिवशी कॅमेऱ्याचीच दया आली, म्हणून त्याला झोपडीत शेगडीपाशी नेऊन बसवलं. गार भिंगावर लगेच वाफ धरली, आणि नेमकी तेव्हाच अस्वलीण पिल्लं घेऊन खिडकीसमोरून निघाली. मी पुसतेय, वाफ पुन्हा धरतेय.

"अगं, नुसती बघ तरी!" हे ओरडले.

"थांबा हो, फोटो जाईल!"

आठवण जपायची म्हणे! आधी ती होऊ तर द्यावी. मान वर केली तेव्हा समोर नुसती वाळू. ती अस्वलीण मला अजून यांच्याच तोंडून ऐकावी लागते, आणि दर खेपेला हे एक पिल्लू वाढवतात.