दार उघडणारा माणूस

जळगावच्या थिएटरात माझ्या शेजारचे एक भाऊ अर्धा सिनेमा नुसते चुळबुळत होते. चप्पल काढायचे, पुन्हा घालायचे. परग्रहावरच्या एका भयानक प्राण्याचे सगळे सिनेमे त्यांनी शाळेपासून पाहिलेले. हा नवा मात्र तो प्राणी मुळात कुठून आला ते सांगणारा. मध्यंतरात बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेत मी वैतागून विचारलं, "आवडत नाहीये का?"

"चोपड्याले मनी केळी पिकाडानी खोली शे," ते म्हणाले. "दार मधमाच उघाडं का माल बिघडस. या सिनेमावालासनी तर बठ्ठंच, सगळंच उघाडी टाकं. आते भीती कसानी?"

"मग तुमच्या खोलीचं दार मधेच उघडतं कोण?"

ते ओशाळले. "मीच. राहवस नही ना."

आणि दिवे मालवायच्या आधीच घाईघाईने आत गेले. पॉपकॉर्नची रांग सोडून मीही त्यांच्या मागे.