भंडारा न लागलेले हातमोजे

येलहंक्याच्या बाजारात हयवदनच्या हॉटेलात कॉफी प्यायची, तर मल्हाररावांची मतं ऐकल्याशिवाय सुटका नसायची. रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला माणूस, लाल म्हणजे लाल! सत्त्याण्णव साल होतं, पेपरात क्रिकेटच्या सट्ट्याच्या बातम्या यायच्या. मल्हाररावांना तर आयतं कोलीतच मिळालं.

"अर्धा दिवस उभं राहून टाळ्या वाजवायचा खेळ तो! फुटबॉलात माणूस जीव तोडून धावतो, त्याला इमान विकायला फुरसत कुठली? आणि ऐकून ठेवा, उद्या माझ्या शंभूनं मॅच विकली, तर इथंच उभा राहून त्याचं नाव घेईन. बाप म्हणून गप्प बसणार नाही!"

शंभूराज त्यांचा एकुलता एक, गावच्या संघाचा गोलकीपर. "सरी अण्णा, सरी," म्हणजे बरोबर आहे, असं कानडीत म्हणत लोक हसायचे. पण विश्वासही ठेवायचे.

त्यांच्या घरी एक रीत होती, मल्हाररावांनीच पाडलेली. मॅचच्या दिवशी शंभूचे हातमोजे खंडोबापुढे ठेवायचे, त्याच्या आईनं, जमनाबाईंनी, त्यांना भंडारा लावायचा. भंडारा लागलेल्या हातानं खोटं करायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

फायनल होती एका कारखान्याच्या संघाशी. आदल्या आठवड्यात त्या कारखान्याचा मॅनेजर घरी आला, ऐसपैस बसला, शंभूचं तोंडभरून कौतुक केलं. जाता जाता म्हणाला, "आमच्या साहेबांना यंदा कप हवाय. कप आला की शंभूची नोकरी पक्की समजा. स्वल्प विचार करा."

असल्या माणसाला खरं तर बखोटीला धरून बाहेर काढायचा! पण शंभू तिशीला टेकलेला, नोकरी नाही म्हणून ठरलेली सोयरीक मोडलेली. मल्हारराव खाली मान घालून बशीतली कॉफी फुंकत राहिले. शंभू बापाच्या तोंडाकडे बघत होता.

फायनलच्या दिवशी जमनाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन देवापाशी उभ्या राहिल्या. शंभूनं हातमोजे बॅगेत कोंबले आणि चेन ओढली.

"राहू दे आई. उशीर होतोय."

उशीर कसला, मॅचला चिकार वेळ होता. 'शंभू, ठेव ते देवापुढे,' एवढंच मल्हाररावांना म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं. दार लागल्यावर जमनाबाई वाटी हातात धरून तशाच उभ्या होत्या.

मैदानावर धुळीचे लोट उठत होते. मॅच संपत आली तरी गोल नव्हता, आणि मल्हाररावांना वाटायला लागलं, नाही, पोर आपलंच आहे, नाही करायचं. तेवढ्यात उजवीकडून एक चेंडू आला, मेलेला, सरपटत. असला चेंडू शंभू डोळे मिटून धरायचा. तो पोटाखालून आत गेला. शंभू उठला आणि गर्दीत बापाला शोधू लागला. मल्हारराव वाकून चप्पल शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी मल्हाररावांनी हॉटेलात पाय ठेवताच सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. परत फिरावं तर तेही दिसलं असतं. हयवदननं स्वतः कॉफी आणून ठेवली. "अण्णा, तुम्ही सांगा. काल काय झालं?"

तेवढ्यात दारात शंभू येऊन उभा राहिला. मान खाली, हात बाजूला, शिक्षा ऐकायला आल्यासारखा. मल्हाररावांनी त्याला पाहिलं.

"मैदान ओलं होतं," ते म्हणाले. "चेंडू निसटतो अशा वेळी. काय करील पोर?"

लोकांच्या चपलांवर कालची धूळ तशीच होती. एकानं हलकेच "सरी अण्णा" म्हटलं, आणि ते ऐकून शंभूनं मान वर केली.

"मैदान कोरडं होतं, अप्पा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "चेंडू मी सोडला. आणि मी सोडणार, हे तुम्हाला घरातनंच ठाऊक होतं."