पहिला नळ मावशींच्या दारात

आमच्या लीडर मावशींना कुणी लीडर म्हटलेलं खपायचं नाही. "लीडर असला की साहेबाचं काम सोपं. एकटीला आत घ्यायचं, चहा पाजायचा, मोर्चा खलास!" कळव्याच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत पाणी यावं म्हणून त्या बायकांना घेऊन पालिकेत जायच्या. चार-पाच जणी सोबत असल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत, आणि दर वेळी बोलायला नवीन बाई पुढे करायच्या.

एकदा बोलायची पाळी माझ्या आईवर आली. "मावशी, साहेबापुढे माझी जीभच वळत नाही."

"नवऱ्याशी भांडताना बरी वळते गं!"

सगळ्या हसल्या, पण आई मागेच राहिली.

मग एका दुपारी पालिकेत शिपाई केबिनबाहेर येऊन म्हणाला, "साहेब निघालेत. एकीनंच या, पाच मिनिटं." आज भेट हुकली तर काम पुढच्या वर्षावर जाईल, या भीतीनं मावशी एकट्या आत गेल्या. काम मंजूर झालं. पण पालिकेच्या माणसांनी पहिला नळ बसवला तो खालच्या गल्लीत, थेट मावशींच्या दारात. वर, आमच्या गल्लीत, पाइप आलाच नाही.

आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय मावशी, चहा गोड होता ना?"

मावशी रागावल्या नाहीत. "मी माझं दार सांगितलं नव्हतं गं. पण आत एकटीच होते, तर तू विश्वास कशावर ठेवणार?"

दुसऱ्या दिवसापासून साठी उलटलेल्या मावशी रोज सकाळी भरलेला हंडा घेऊन पायऱ्या चढायच्या आणि वरच्या गल्लीत एकेका दारात रिकामा करायच्या. आमच्या दाराशी आल्या की आई पाणी ओतून घ्यायची, बोलायची मात्र नाही. एकदा त्या अर्ध्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेल्या दिसल्या. आई खाली उतरली, हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "सोमवारी पालिकेत चला. मी बोलते."

वरच्या गल्लीत नळ यायला त्यानंतरही बरेच महिने गेले. तो आला आणि पाणी भरण्यापायी बुडणारी माझी सकाळची शाळा वाचली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पेढे वाटले, तेव्हा मावशी राहिल्या नव्हत्या.

त्या सोमवारी मी आईसोबत गेले होते. आई चौघींना घेऊन आत गेली; मावशी बाहेर बाकावर बसल्या. आतून आईचा आवाज इतका चढला की शिपाई दार लावायला उठला.

"राहू दे रे उघडं," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."